ड्रायव्हरची चावी कुणाकडे?

जर्मनीत जुना डेस्कटॉप स्वस्तात घेऊन त्यावर लिनक्स टाकताय? मग आधी ग्राफिक्स कार्ड बघा. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि कार्ड यांच्यातला दुभाषा. बंद ड्रायव्हर हा कंपनीच्या नोकरीतला दुभाषा: काम चोख, पण कंपनी म्हणेल त्या दिवशी बंद. एनव्हिडियाने २०२१मध्ये केप्लर पिढीची कार्डं नव्या ड्रायव्हरमधून वगळली, धडधाकट असूनही.

दुसरी वाट न्यूर्नबर्गमधून गेली. २००७मध्ये एएमडीने रेडिऑन कार्डांची तांत्रिक माहिती खुली करायचं ठरवलं आणि तिथल्या सुसेच्या इंजिनियरांनी ‘रेडिऑनएचडी’ हा खुला ड्रायव्हर लिहिला. तो पुढे मागे पडला, पण ‘रेडिऑन’ हा दुसरा खुला ड्रायव्हर टिकला. कोड सगळ्यांसमोर असला की एकाने सोडलेलं काम दुसरा उचलू शकतो.

अर्थात, खुलं म्हणजे सगळंच खुलं नव्हे. एएमडीचं फर्मवेअर बंदच आहे. एनव्हिडियानेही २०२२मध्ये फक्त कर्नलमधला भाग खुला केला. प्रबंधासाठी कूडा लागत असेल, तर तिचे बंद भाग घ्यावेच लागतात.

म्हणून कार्ड घेताना वेग बघाच, पण हेही विचारा: उद्या कंपनीने हात वर केले, तर याच्याकडे कोण बघणार?