मासा गळाला लागतो, पण गाठच सुटते! ब्रेडच्या दोरीला नेमकी कोणती गाठ मारायची?

खारघरच्या टॉवरांच्या गर्दीत ओवे गाव आहे. इथून पनवेलची खाडी काही फार लांब नाही. त्यामुळे रविवारी उजाडायच्या आत बाईकवर मागं बसलेल्याच्या हातात रॉड दिसला, की स्वारी कुठं निघाली हे विचारावं लागत नाही.

अशाच एका रविवारी आमच्या एका मित्राच्या गळाला मोठा मासा लागला. रॉड कमानीसारखा वाकला, रील कुरकुरलं आणि दुसऱ्याच मिनिटाला सगळं सैल पडलं. "दोरी तुटली रे," म्हणून त्यानं दोरी गुंडाळून घेतली. पण तुटलेल्या दोरीचं टोक झडलेलं, पिंजलेलं दिसतं. हे टोक कात्रीनं कापल्यासारखं नीट होतं. म्हणजे दोरी तुटलीच नव्हती, गाठ सरकून सुटली होती.

दोरी नवी कोरी ब्रेडची होती. गाठ मात्र त्यानं वर्षानुवर्षं तंगुसाला मारतात तीच मारली होती. घोळ इथंच झाला.

तंगूस आणि ब्रेडमध्ये फरक काय?

तंगूस म्हणजे नायलॉनची एकच सलग तार. ब्रेड म्हणजे अनेक बारीक धागे वेणीसारखे विणून केलेली दोरी. हे धागे एका खास प्रकारच्या पॉलिथिलीनचे असतात. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीनं 'डायनीमा' नावानं बाजारात आणलेला धागा याच जातीचा. बुलेटप्रूफ जॅकेटमध्ये आणि जहाजांच्या दोरखंडांतही तो वापरतात.

त्यामुळे ब्रेड बारीक असूनही दणकट असते. २० पौंडांचा तंगूस साधारण ०.४० मिलीमीटर जाड असतो, तेवढ्याच ताकदीची ब्रेड त्याच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय ती जवळपास ताणलीच जात नाही, म्हणून माशानं नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं.

पण याच गुणांमुळे गाठीची पंचाईत होते. पहिलं कारण म्हणजे हा धागा कमालीचा गुळगुळीत असतो. तंगूस आवळला की थोडा दबतो आणि स्वतःलाच पकडून बसतो. ब्रेड तशी पकडत नाही, ती सरकते. दुसरं कारण उष्णतेचं. हे पॉलिथिलीन साधारण १४५ ते १५० अंश सेल्सिअसला वितळतं, नायलॉनला २०० अंशांच्या वर तापमान लागतं. कोरडी गाठ झटक्यात आवळली, की घर्षणानं दोरी तिथंच कमजोर होते. म्हणून गाठ आवळायच्या आधी ती ओली करायची आणि हळूहळू ओढायची.

गळाला बांधायला: पालोमार

नवशिक्यानं एकच गाठ शिकायची ठरवली, तर ही शिकावी.

१. दोरीचं टोक १५ सेंटीमीटरभर दुमडून घ्या आणि तो दुहेरी फास गळाच्या नेढ्यातून ओवा.
२. त्या दुहेरी दोरीची एक साधी, सैल गाठ मारा. गळ मधोमध लोंबकळत राहील.
३. आता फास मोठा करून अख्खा गळ त्यातून पार करा.
४. गाठ ओली करा. रीलकडची दोरी आणि मोकळं टोक एकत्र धरून सावकाश ओढा.
५. मोकळं टोक तीन-चार मिलीमीटर ठेवून कापा.

दोरी फारच बारीक असेल, तर दुसऱ्या पायरीत फास दोनदा फिरवून घ्या. नेढ्यात दोरी दुहेरी बसते, म्हणून ही गाठ सरकत नाही. अडचण एवढीच, की तीन-तीन गळ असलेला मोठा नकली मासा फासातून पार करताना गुंता होतो.

मग तिथं काय? युनी

दोरी नेढ्यातून ओवून मागं वळवा आणि मुख्य दोरीला समांतर धरा. मोकळ्या टोकाचा एक फास करा. त्याच फासातून टोक घालत दोन्ही दोऱ्यांभोवती वेढे द्या. तंगुसाला चार-पाच वेढे पुरतात, ब्रेडला सात-आठ द्या. टोक ओढून वेढे बसवा, मग गाठ सरकवत नेढ्यापर्यंत न्या. आमच्या मित्रानं पाच वेढ्यांची जुनी गाठ मारली होती, हे इथं आठवून बघा.

लीडर कशाला लावायचा?

रायगडात जिताड्याचा मान काय आहे, हे वेगळं सांगायला नको. पण त्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. खडक, कालवं आणि खारफुटीची मुळं आहेतच. ब्रेडला खरचटणं सोसत नाही. म्हणून पुढं हातभर ते वावभर जाड तंगूस जोडतात, त्याला लीडर म्हणतात.

ही जोडणी डबल युनीनं करता येते. दोन्ही दोऱ्या एकमेकींवर ठेवून ब्रेडची युनी तंगुसाभोवती आणि तंगुसाची युनी ब्रेडभोवती मारायची, मग दोन्हीकडून ओढून गाठी एकमेकींना भिडवायच्या. हात बसला की एफजी शिका. त्यात ताणलेल्या तंगुसावर ब्रेड एकदा वरून, एकदा खालून अशी विसेक वेळा गुंडाळून शेवटी कुलूपगाठी मारतात. गाठ बारीक होते आणि रॉडच्या कड्यांतून अडखळत नाही.

रीलवरही एक काळजी घ्या. आधी थोडा तंगूस गुंडाळा आणि त्यावर ब्रेड जोडा. नाहीतर गुळगुळीत स्पूलवर ब्रेडचं अख्खं बंडलच गरागरा फिरतं.

गाठ सुटली तर नुकसान कुणाचं?

आपलं नुकसान एका गळाचं. माशाचं जास्त. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे तोंडात गळ घेऊन पळालेला मोठा जिताडा बहुतेक वेळा अंडी घालणारी मादी असते.

दोरी मध्येच तुटली, तर उरलेली वीस-तीस मीटर ब्रेड खारफुटीत अडकून राहते. ती कुजत नाही. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं नायलॉन मांजावर बंदी घातली ती माणसं आणि पक्षी जखमी होतात म्हणून. खाडीत सोडलेली ब्रेड पाणपक्ष्यांसाठी त्या मांजासारखीच आहे.

यावर उपाय सोपा आहे. लीडरची ताकद ब्रेडपेक्षा कमी ठेवा. म्हणजे गळ अडकला तर तुटायचं ते पुढच्या हातभर तंगुसात तुटेल, बाकीची दोरी परत येईल. अडकलेली ब्रेड हाताला गुंडाळून कधीच ओढू नका, बोट कापतं. काठीला गुंडाळून ओढा. कापलेले तुकडे बाटलीत भरून घरी आणा.

आणि सराव? तो खाडीवर अंधारात नको. आमचा मित्र सध्या बुटाच्या लेसवर आणि कुलपाच्या कडीवर पालोमार मारत बसलाय. जाड दोरीवर चूक लगेच दिसते.