'दातातून रक्त येतंय' असं आपण म्हणतो, पण ते दाताचं नसतंच! मग येतं कुठून?

सकाळची घाई असते. ब्रश करून चूळ भरली की बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसतं. बरेच जण तिकडे दुर्लक्ष करतात. काही जण घाबरून दुसऱ्या दिवसापासून त्या बाजूला ब्रश फिरवणंच सोडून देतात. आणि घरात सांगताना म्हणतात, 'दातातून रक्त येतंय.'

खरं तर हे रक्त हिरडीचं असतं. दाताच्या आतही रक्त असतं बरं का, पण ते असं सहजासहजी बाहेर येत नाही.

हे रक्त तिथवर पोहोचतं कसं? मानेला बोटं लावल्यावर जिथे ठोके लागतात, ती कॅरोटिड धमनी. तिची एक शाखा चेहऱ्याकडे वळते. तिच्यातून निघालेली मॅक्सिलरी धमनी जबड्याच्या सांध्याजवळून आत जाते आणि दोन्ही जबड्यांना रक्त पुरवते. खालच्या जबड्यात तर हाडाच्या आतून चक्क एक बोगदा आहे. त्यातून रक्तवाहिनी जाते आणि वाटेत एकेका दाताच्या मुळाला बारीक फांदी देते. वरच्या जबड्यात मागच्या दाढांची फांदी वेगळी आणि पुढच्या दातांची वेगळी. ही पुढची फांदी डोळ्याच्या खालून जाणाऱ्या वाहिनीतून निघते.

खरी गंमत यापुढे आहे. दाताच्या मुळाच्या टोकाला एक छिद्र असतं. मोठ्या माणसात ते साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. रक्तवाहिन्या आणि नसा आत जाण्याची मुख्य वाट तीच. आत पल्प नावाचा मऊ, जिवंत भाग असतो आणि त्याच्या चारही बाजूंना कडक भिंती.

बोटाला जखम झाली की बोट सुजतं. दात सुजणार कुठे? कीड पल्पपर्यंत पोचली की आतला दाब वाढतो, म्हणून ठणका लागतो. रात्री आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो आणि ठणकाही. पुढे रक्तपुरवठा तुटतो, पल्प मरतो आणि एके दिवशी दुखणं अचानक थांबतं. 'लवंग लावली, बरं वाटलं' असं म्हणून माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात नस मेलेली असते आणि जंतुसंसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतो. कधीकाळी मार बसलेला दात वर्षभराने काळपट पडतो, त्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असतं.

लहान मुलांचं गणित थोडं वेगळं. नुकत्याच आलेल्या कायमच्या दाताच्या मुळाचं टोक अजून रुंद असतं. त्यामुळे खेळताना असा दात मुळासकट निघाला आणि लगेच परत बसवला, तर रक्तपुरवठा पुन्हा सुरू होण्याची शक्यता असते. दात मुळाला हात न लावता वरच्या बाजूने धरायचा, घासायचा नाही. जागेवर बसवता येत नसेल तर दुधात ठेवून तासाभराच्या आत डेंटिस्टकडे न्यायचा. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

आता हिरडी. तिला रक्त तीन बाजूंनी मिळतं: हाडावरच्या वाहिन्यांतून, दोन दातांमधल्या हाडातून आणि दाताला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंमधून. त्यामुळे तोंडातली जखम भराभर भरते. पण दाताच्या कडेला प्लाक साचला की जंतूंशी लढायला शरीर तिथे जास्त रक्त पाठवतं. केशवाहिन्या फुगतात, हिरडीचा आतला थर नाजूक होतो आणि ब्रश लागताच रक्त येतं. म्हणजे ब्रश करणं सोडलं की प्लाक वाढणार आणि रक्तही. मऊ ब्रशने नीट सफाई ठेवली तर साधी सूज बहुतेकदा एक-दोन आठवड्यांत उतरते. तरीही रक्त थांबलं नाही, तर डेंटिस्टला दाखवायलाच हवं. गरोदरपणात संप्रेरकांमुळे आणि मधुमेहात हा त्रास जास्त होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करायच्या नाहीत, आधी डॉक्टरांना विचारायचं.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची फसगत सगळ्यात मोठी. धूम्रपानामुळे हिरडीतून रक्त कमी येतं, यात निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसण्याचाही वाटा मानला जातो. 'माझ्या हिरड्या ठणठणीत' असं वाटत राहतं आणि आत दाताभोवतीचं हाड झिजत जातं. आपल्याकडे हिरड्या मजबूत होतात म्हणून मिश्री लावणारे आजही आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, तिच्याने हिरड्या मजबूत होत नाहीत. सिगारेट सोडल्यावर काहींना सुरुवातीला हिरड्यांतून जास्त रक्त आल्यासारखं वाटतं. ते पाहून पुन्हा ओढायला लागू नये. दबलेली सूज तेव्हा दिसायला लागलेली असते.