आनंदबाजारातला गल्ला म्हणजे नफा नाही!

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या झेडपी शाळांमध्ये आनंदबाजार भरतो, पोरं भाजी, भेळ विकतात. समजा, एका मुलीने 10 रुपयांची एक अशा 50 प्लेट भेळ विकल्या. गल्ला 500. ती खुशीत सांगते, "पाचशे कमावले!" पण मुरमुरे, फरसाण, कांद्याचे 320 रुपये आईने दिलेत. खरी कमाई 180.

बाजार उठल्यावर हा हिशोब फळ्यावर मांडला नाही, तर पोरगी शेकडेवारी शिकेल, धंदा नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये 'रयत' सुरू केली, 'कमवा आणि शिका'तून गरिबांची पोरं स्वतःच्या पायावर उभी केली. आपण निदान एक तास देऊ. गुरुजींना विचारून पुढच्या बाजारात पोरांकडून खर्चाची वही लिहून घ्या.

आणि हो, तुमच्या दुकानाची वही लिहिताय ना?