निरोप आणि राखण

शिगम्याचे ढोल वाजू लागतात, काजूचा मोहर फळाला येतो, आणि त्याच सुमारास आपल्या पाणथळींवर एका निराळ्या पाठवणीची लगबग सुरू होते. पावसाळा ओसरल्यावर उत्तरेकडून आलेले पक्षी फाल्गुन-चैत्रात माघारी निघतात. हा मुहूर्त साधून करमळीच्या तळ्यावर किंवा रायबंदरची फेरीबोट ओलांडून चोडणच्या खारफुटीत जाणकाराच्या सोबतीने पक्षी पाहावयास जाण्याची हौस अलीकडे आपल्याकडे वाढीस लागली आहे. आम्ही तिचे मनापासून स्वागत करतो.

वसंतातच जावे, यालाही कारण आहे. हिवाळाभर मळकट दिसणारा पिवळा धोबी परतण्यापूर्वी हळदीने न्हाल्यासारखा होतो. किनाऱ्यावरील करड्या चिखल्यांच्या छातीवर तांबूस छटा चढते. तलवार बदक आणि भुवई बदक लांबच्या उड्डाणासाठी अंगात मेद साठवीत असतात. नवख्याच्या डोळ्यांस हे सारे 'पाण्यातली बदके' एवढेच दिसते. शेजारी जाणता माणूस उभा राहिला, दुर्बीण हाती देऊन त्याने बोट दाखविले, म्हणजे कपाळावर पांढरा टिळा मिरविणारा तो काळा पक्षी 'वारकरी' हे कळते, आणि एकदा नाव कळले की ओळख राहते.

आपण या पक्ष्यांना पाहुणे म्हणतो. पण त्यांच्यापैकी अनेकांचे वर्षातील निम्म्याहून अधिक दिवस इथेच जातात. उत्तरेस ती जातात ती घरटी बांधून पिले वाढविण्यापुरती, लेकीबाळींनी बाळंतपणासाठी माहेरी जावे तशी. नांदते घर म्हणाल तर ते आपल्याच तळ्यांत आणि खाजनांत आहे. ज्या मध्य आशियाई आकाशमार्गाने ती येतात-जातात, तो तीस देशांवरून जातो. त्या साखळीतील एक तळे बुजले, तर सैबेरियातील घरट्यालाही त्याची झळ पोहोचते.

आणि ही तळी तरी कोणी राखली? करमळीचे तळे मानवनिर्मित. त्याच्या पाण्यावर खालची वायंगण शेती पिकत आली. कुडचड्याचे नंदा तळेही गावकऱ्यांनी पाणी अडवून, त्यावर भात पिकवून जपले. २०२२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान मिळविणारे ते गोव्यातील पहिले स्थळ ठरले. क्षेत्र अवघे ४२ हेक्टर! चोडणच्या अभयारण्यास डॉ. सालिम अली यांचे नाव आहे. त्याचा विस्तारही दोन चौरस किलोमीटरांहून कमीच. म्हणजे पक्ष्यांची वस्ती बव्हंशी कुंपणाबाहेर, कुळागरे, खाजने आणि मळ्यांच्या आधाराने टिकली आहे. शेत पडीक पडले, मानशीची फळी कुजली, बांधाला भगदाड पडले, की शेतकऱ्याबरोबर पक्षीही निराधार होतो. भराव टाकणाऱ्याला तर अशी पडीक जागा आयतीच सापडते.

म्हणूनच या सहली रविवारच्या करमणुकीपाशी थांबू नयेत, असे आमचे आग्रहाचे मत आहे. दहा-पंधरा माणसांहून मोठा जथा नेऊ नये, छायाचित्रासाठी खडा मारून थवा उडवू नये, बांधावरून चालताना पिकाचा मान राखावा, हे तर झालेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाटाड्या गावातलाच असावा. ज्याने लहानपणी त्या तळ्यात मासे धरले, त्याला पाण्याची खोली आणि पाखरांची वेळ कोणत्याही पुस्तकाहून अधिक ठाऊक असते. त्याच्या हाती चार पैसे पडले, तर तळे राखण्यात गावालाही गोडी वाटेल. पंचायतींनी आणि शाळांनी यात पुढाकार घ्यावा. प्रत्येक सहलीची नोंद साध्या वहीत तारीखवार ठेवावी: कोणता पक्षी, किती, पाणी कुठवर. उद्या एखाद्या तळ्यावर संकट आले, तर गावाच्या बाजूने हीच वही साक्ष देईल.

पाहुण्याला निरोप देताना 'पुन्हा या' म्हणण्याची आपली रीत आहे. ते शब्द खोटे ठरू नयेत, एवढीच जबाबदारी आपली. पावसाळ्यानंतर ते थवे ठरल्या वेळी परततील. तेव्हा त्यांना उतरायला पाणी शिल्लक असावे.