उसन्या रक्तावर तीन आठवडे
(शरीराची डागडुजी : लेखांक ७)

प्रयोगशाळेत रक्तवाहिन्या घडवण्याच्या बातम्यांत एक जुनी गोष्ट झाकली जाते. मोठी वाहिनी शिवता येते. केसाहून बारीक जाळे मात्र शरीरच विणते. शल्यविशारदाच्या हाती उरते ते एवढेच, की जाळे विणून होईपर्यंत हलवलेल्या मांसाला जगवायचे. न्यूझीलंडच्या डुनेडिनमध्ये १८८२ साली जन्मलेल्या हॅरल्ड गिलिज यांनी हे काम पद्धतशीर केले. १९१७ मध्ये इंग्लंडातल्या सिडकपला, जटलंडच्या लढाईत चेहरा भाजलेल्या खलाशावर शस्त्रक्रिया करताना, सोडवलेल्या कातडीच्या पट्ट्या आत वळताना त्यांना दिसल्या. कडा शिवून त्यांनी पट्ट्यांच्या नळ्या केल्या. एक टोक मूळ जागी, दुसरे चेहऱ्यावर. आतले मांस झाकलेले, म्हणून जंतूंना वाव कमी आणि रक्त चालू. (ओडेसाच्या फिलातोव यांनाही ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती, श्रेयाचा तंटा इथे नको.)

हलवलेले मांस जगवणे साधते कसे? आंब्याच्या भेटकलमासारखे: जोड धरेपर्यंत फांदी मूळ झाडावरच ठेवायची. रक्तापासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापलीकडे पेशीला प्राणवायू पुरत नाही. तो कमी पडला की पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात आणि शेजारच्या केशवाहिन्यांना धुमारे फुटतात. साधारण तीन आठवड्यांत नव्या जागेचा पुरवठा पुरेसा होतो आणि देठ, म्हणजे मूळ जागेशी ठेवलेला जोड, कापता येतो. १७९४ च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याकडच्या एका शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कावसजी या गाडीवानाचे नाक कपाळाच्या कातडीने घडवले; देठ पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापतात, असे त्यात नोंदले आहे. प्रथिनाचा पत्ता कुणालाच नव्हता, तरी दिवसांचा हिशेब चुकला नव्हता.

यावर कुणी म्हणेल, १९७३ मध्ये मेलबर्नला डॅनियल आणि टेलर यांनी मांडीसांध्याची कातडी तिच्या वाहिन्यांसह सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली पायाला जोडली, तेव्हाच नळीचे दिवस संपले. नळीचे संपले, हे खरे. पण टाके पडतात ते मिलिमीटरभर जाडीच्या वाहिन्यांना. कडेच्या केशवाहिन्या आजही आपणच जुळतात. कपाळाच्या कातडीने नाक करतात तेव्हा अजूनही देठाला सुमारे तीन आठवडे हात लावत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सगळे काम रासायनिक संदेशाचे असेल, तर संदेशच टोचून का द्यायचा नाही? तेही झाले. रक्तपुरवठा आटलेल्या पायांत वाहिनीवर्धक जनुक टोचण्याची ‘तामारिस’ चाचणी ५२५ रुग्णांवर झाली. २०११ मध्ये निकाल आला, तेव्हा पाय कापावा लागण्यात किंवा मृत्यूत औषध नसलेल्या टोचणीच्या तुलनेत फरक दिसला नाही. मला यात मूळ मुद्द्याला बळच दिसते. अशा पायात प्राणवायूच्या टंचाईची हाकाटी आधीच चालू असते. खोट असते ती वरच्या बंद धमनीत. धुमारे फुटायला रक्ताने भरलेली शेजारीण वाहिनी लागते. रेडिएशनने भाजलेल्या जागेत ती नसते, म्हणून तिथे स्वतःच्या धमनीसह स्नायूच आणून बसवावा लागतो. आणि निकोटीन बारीक वाहिन्या आवळते, म्हणून अशा शस्त्रक्रियेच्या कित्येक आठवडे आधी रुग्णाला सिगारेट सोडायला लावतात.