डायलिसिसवरील रुग्णाचा आहार : क्षारांचे पथ्य आणि शरीराची जपणूक

डायलिसिस सुरू झालेल्या रुग्णाचे कुटुंबीय बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो असा : "आता यांना काय काय द्यायचे नाही?" प्रश्न रास्त आहे. मात्र "यांना काय आणि किती द्यायलाच हवे?" हा प्रश्नही तितक्याच आग्रहाने विचारला जावा, असे आम्हास वाटते. पथ्याच्या धाकाने रुग्णाची उपासमार झाल्यास उपचाराचा निम्मा लाभ वाया जातो. आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासाठी या विषयाची थोडक्यात मांडणी येथे करीत आहोत.

यंत्राची मर्यादा

आठवड्याचे तास १६८. निरोगी मूत्रपिंडे या सर्व काळात अखंड काम करतात. आठवड्यातून तीन वेळा प्रत्येकी चार तास डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाचे रक्त मात्र केवळ १२ तास शुद्ध होते. अनेकांना आठवड्यातून दोनच वेळा येणे जमते. त्यांच्या वाट्याला आठच तास येतात. उरलेल्या काळात पोटॅशियम, फॉस्फरस, मीठ आणि पाणी शरीरात साठत राहते. पथ्याचे कारण हे एवढेच आहे.

पोटॅशियम

रक्तातील पोटॅशियम साधारणतः ३.५ ते ५ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर असते. ते फार वाढल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात व प्रसंगी हृदय बंद पडते. यात बरेचदा पूर्वसूचनाही मिळत नाही.

केडगाव व दौंडचा हा परिसर उसाचा आणि गुऱ्हाळांचा. पाहुण्यापुढे गूळ-पाणी ठेवणे ही आपली रीत. परंतु साखर शुद्ध करताना निघून जाणारे क्षार गुळात राहतात, म्हणून गुळात पोटॅशियम साखरेपेक्षा पुष्कळच अधिक असते. आजाऱ्यासाठी प्रेमाने आणलेल्या शहाळ्याचेही तसेच. तुकोबारायांच्या पालखीच्या वाटेवरील या मुलखात एकादशी मोडणे अनेकांच्या जिवावर येते. मात्र उपवासाचे बटाटे, रताळी, केळी, खजूर व शेंगदाणे पोटॅशियमने भरलेले असतात, तर साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. उपवास करावयाचा असल्यास तो डॉक्टरांना विचारूनच करावा. "कमी सोडियमचे" म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. ते वापरू नये. कमरख हे फळ तर या रुग्णांना विषासमान आहे.

भाज्या सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडाव्यात आणि ते पाणी ओतून द्यावे. त्यामुळे बरेचसे पोटॅशियम निघून जाते.

फॉस्फरस आणि मीठ

साध्या आहारातून दिवसाला सुमारे ८०० ते १००० मिलिग्रॅम फॉस्फरस पोटात जाते. त्यातील निम्मे अंगी लागले, तरी आठवड्याला सुमारे तीन हजार मिलिग्रॅम जमा होते. एका डायलिसिसमध्ये निघते ते ८०० ते १००० मिलिग्रॅम. तीन वेळा येणाऱ्याचा हिशेब कसाबसा जुळतो. दोनदा येणाऱ्याचा जुळत नाही. साठलेल्या फॉस्फरसमुळे अंगाला खाज सुटते, हाडे ठिसूळ होतात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचते. म्हणून फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्याव्यात; रिकाम्या पोटी घेतल्यास त्यांचा उपयोग होत नाही. धान्ये व डाळींतील फॉस्फरस तुलनेने कमी शोषले जाते. तयार खाद्यपदार्थांत आणि कोला पेयांत मिसळलेले फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळे शोषले जाते. ज्वारी-बाजरीची भाकरी सरसकट बंद करण्यापूर्वी ही पाकिटे व बाटल्या बंद कराव्यात.

सुमारे आठ ग्रॅम मीठ शरीरात एक लिटर पाणी धरून ठेवते. लोणचे, पापड, खर्डा आवरला की तहान आपोआप आवरते.

काटा काय सांगत नाही

जादा पाणी काढून टाकल्यानंतरच्या योग्य वजनास 'कोरडे वजन' म्हणतात. समजा, ते ५५ किलो ठरले आहे. पुढील काही महिन्यांत रुग्णाचे दोन किलो स्नायू झडले व त्या जागी दोन लिटर पाणी साचले, तर काटा ५५ किलोच दाखवील. घरचे निश्चिंत राहतील. रुग्णाला मात्र धाप लागेल, रक्तदाब वाढेल आणि जिना चढवणार नाही. स्नायूंच्या या झिजेस तज्ज्ञांनी २००८ साली 'प्रथिन-ऊर्जा क्षय' असे स्वतंत्र नाव दिले. ज्यांचे स्नायू झडतात, त्यांना जंतुसंसर्ग व मृत्यूचा धोका अधिक असतो.

प्रत्येक डायलिसिसमध्ये सहा ते बारा ग्रॅम अमिनो आम्लेही वाहून जातात. म्हणून या रुग्णांना रोज दर किलो वजनामागे एक ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसास ६० ते ७२ ग्रॅम. डायलिसिसपूर्वी सांगितलेले 'डाळ कमी, अंडी बंद' हे पथ्य पुढेही चालू ठेवणे घातक ठरते. एका अंड्याच्या पांढऱ्यात सुमारे साडेतीन ग्रॅम प्रथिने असतात व फॉस्फरस अत्यल्प. शाकाहारी रुग्णांसाठी डाळ, पनीर व दही यांचे प्रमाण आहारतज्ज्ञाने रक्ततपासणी पाहून ठरवावे.

झीज ओळखण्यास फार खर्चिक साधने लागत नाहीत. दंडाचा घेर मोजण्याची फीत, हाताच्या पकडीचे बळ मोजणारे उपकरण, रक्तातील अल्ब्युमिन आणि रुग्ण किती जेवतो याची नियमित विचारपूस, एवढ्याने पुष्कळ कळते. शरीरातील पाणी, स्नायू व मेद वेगवेगळे दाखवणारे विद्युत-मापन यंत्र उपलब्ध असल्यास कोरडे वजन अधिक अचूक ठरवता येते.

आमचे नम्र आवाहन

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे पात्र रुग्णांस संलग्न रुग्णालयांत डायलिसिस विनामूल्य मिळू शकते. ताटात काय पडते, हे मात्र घरीच ठरते. कुटुंबीयांनी प्रत्येक खेपेस वजनाबरोबरच रुग्णाची भूकही आम्हास सांगावी. अंगावरचे कपडे सैल होत असून वजन तेवढेच असेल, तर तेही अवश्य सांगावे. पथ्य प्रत्येकाचे वेगळे असते. शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे पथ्य उचलू नये.

देणगीदारांस एवढीच विनंती, की यंत्रासाठी देणगी देताना आहारतज्ज्ञाचे मानधन, मोजमापाची साधने आणि गरजू रुग्णांच्या प्रथिनयुक्त आहाराचाही विचार व्हावा. यंत्र रक्त शुद्ध करते. अंगात बळ येते ते अन्नानेच.