वेबसाइटचा मजकूर बाहेरून लिहून घेताना काय बघायचं?



आपली हळद पावडर आणि हळकुंड कंपनीच्या वेबसाइटवर विक्रीला येणार आहे. त्याचा मजकूर बाहेरच्या लेखकाकडून लिहून घ्यायचा विचार आहे. काही सभासद विचारतात, "लिहायला पैसे कशाला? आपणच लिहू की." काही म्हणतात, "एकदा लेखकाला काम दिलं की झालं." दोन्हीचं उत्तर खाली देतोय. पूर्ण वाचा.

*लेखक कशाला लागतो?*
बाजारात व्यापारी हळकुंड मोडून बघतो. मोबाइलवरच्या गिऱ्हाइकाला ते जमत नाही. त्याला फक्त फोटो आणि चार ओळी दिसतात. त्या चार ओळी सुटसुटीत लिहिणं हे वेगळं कसब आहे. फ्रीलान्स लेखक पगारी नसतो. कामापुरता घ्यायचा, दर शब्दावर किंवा लेखावर ठरवायचा. आधी एकच छोटा लेख लिहून घ्यायचा, त्याचेही पैसे द्यायचे, आणि तो पसंत पडला तरच पुढचं काम.

*पण लेखकाला शेत माहीत नसतं*
नमुन्यादाखल आलेल्या एका लेखात "हळदीचं बी पेरतात" असं होतं. आपण बेणं म्हणून गड्डे लावतो हे त्याला ठाऊक नाही. यावर हसून सोडता येईल. पण पुढची ओळ होती, "ही १००% सेंद्रिय हळद मधुमेह बरा करते." ही ओळ वेबसाइटवर गेली तर अडचणीत लेखक नाही, *आपली कंपनी* येते. परवाना आपल्या नावावर आहे.

*या गोष्टी तपासल्याशिवाय मजकूर टाकायचा नाही:*

१) *आजार बरा होतो* असं लिहायचं नाही. एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांत याला मनाई आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायदा २००६ नुसार १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

२) *सेंद्रिय* हा शब्द एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया प्रमाणपत्र असलेल्या मालालाच लावायचा. शेणखत घातलं म्हणून माल सेंद्रिय होत नाही.

३) *१००%* लिहायचं नाही. पाकिटावर आणि जाहिरातीत हे वापरू नका, असं एफएसएसएआयने मे २०२५ मध्ये सांगितलं आहे.

४) *सांगलीची हळद, वायगाव हळद* ही जीआय नावं आहेत. माल त्या भागातला हवा आणि विकणारा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला हवा. वाचायला बरं वाटतं म्हणून ही नावं घालायची नाहीत.

५) *करक्युमिनचा आकडा* त्याच लॉटच्या लॅब रिपोर्टवरून घ्यायचा. इंटरनेटवरून उचलायचा नाही.

*मग लिहायचं काय?*
आपलं खरं काम. "उत्तम दर्जाची, पारंपरिक चवीची हळद" हे कुणीही लिहितं. त्यापेक्षा असं सांगा: "सेलम जातीची हळद. साधारण नऊ महिन्यांनी काढणी. शिजवून, उन्हात वाळवून, ड्रममध्ये पॉलिश केलेली. १०० किलो ओल्या हळदीतून २० ते २५ किलोच सुकी हळद मिळते." यातून गिऱ्हाइकाला भाव का तेवढा आहे ते कळतं. पण ही माहिती लेखकाकडे नाही, तुमच्याकडे आहे.

*करार लेखी हवा*
पैसे दिले म्हणजे मजकूर आपला झाला, असं नाही. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे बाहेरच्या लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा हक्क सहसा लेखकाकडेच राहतो. तो कंपनीकडे यायला सहीचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर हक्क ५ वर्षांपुरताच धरला जातो. म्हणून करारात कोणता मजकूर, किती मुदतीसाठी, किती पैसे आणि किती वेळा दुरुस्ती, हे सगळं हवं. दुसरीकडून उतरवलेला मजकूर चालणार नाही, हेही लिहून घ्यायचं.

*तुमच्याकडून काय हवं?*
✅ जात, लागवड आणि काढणीची तारीख
✅ शिजवणी, वाळवणीचे दोन-तीन फोटो (दिवसाउजेडी काढलेले)
✅ प्रमाणपत्र असेल तर त्याचा फोटो
✅ लिहायचा कंटाळा असेल तर व्हॉइस मेसेज चालेल

लेखकाचा मजकूर आला की आधी मी तपासेन, मग दोन हळद उत्पादक सभासद वाचतील, त्यानंतरच तो वेबसाइटवर जाईल. वाचायला कोण तयार आहे ते कळवा. शेतात जे झालं नाही ते कागदावर दिसलं, तर तिथल्या तिथे खोडा.

शंका असल्यास कार्यालयाच्या वेळेत फोन करा.

आपला,
कृषी तज्ज्ञ